एकाच कातडीच्या पट्ट्या आणि मॉड्युलस मात्र ०.३ पासून १५ पर्यंत, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टेन्साइल मशीनवर (पट्टी दोन ग्रिपमध्ये धरून ओढणारं मशीन) सिलिकॉनच्या पट्ट्या ओढल्या तर मॉड्युलस, म्हणजे पदार्थ किती ताठ आहे तो आकडा, दरवेळी जवळपास तोच येतो, पण डुकराच्या त्वचेच्या पट्ट्या, त्याही एकाच तुकड्यातून कापलेल्या, ओढल्या की कधी ०.३ मेगापास्कल येतो तर कधी १५. लोड सेल (फोर्स मोजणारा सेन्सर) कॅलिब्रेट केलेला आहे, मग चुकतंय कुठे, आणि पुढे हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारी मऊ जेल) ओढायचेत तर काय सांभाळायचं?

मी बरीच वर्षं हेच काम करतेय, त्वचा, टेन्डन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), धमन्या, आणि मधल्या काळात जेल, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते कारण यात एका ओळीचं उत्तर नाहीये.

पहिली गोष्ट, ०.३ आणि १५ हे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, आणि तेही एकाच पट्टीचे. सिलिकॉनचा कर्व्ह, म्हणजे किती ताणलं आणि किती फोर्स लागला याचा आलेख, सुरुवातीला बऱ्यापैकी सरळ जातो म्हणून सॉफ्टवेअरने कुठेही रेघ ओढली तरी स्लोप साधारण तोच मिळतो. त्वचेचं तसं नसतं, ती सुरुवातीला जवळजवळ फुकट ताणली जाते, फोर्स हलतच नाही, मग हळूहळू वळते, आणि मग एकदम उभी चढते. हा आकार नवीन नाही, वेर्थहाइम यांनी १८४७ मध्येच माणसाच्या वेगवेगळ्या टिश्यूंवर मोजमाप करून लिहून ठेवलं होतं की यांचं ताणणं सरळ रेषेत जात नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने एका पट्टीत मऊ भागाला रेघ लावली आणि दुसरीत उभ्या भागाला, एवढ्यानेच ५० पटींचा फरक पडतो. त्यामुळे आधी रिपोर्टमधला मॉड्युलसचा रकाना बाजूला ठेवा, कच्चा डेटा काढा आणि सगळे कर्व्ह एकाच आलेखावर एकावर एक टाकून बघा, माझा अंदाज आहे की तुम्हाला सगळे एकाच घराण्यातले दिसतील, फक्त डावीउजवीकडे सरकलेले.

आता हा आकार का येतो ते समजून घेणं गरजेचं आहे कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. त्वचेत आणि धमनीत दोन मुख्य धागे असतात, इलॅस्टिन जे रबरासारखं मऊ असतं, साधारण एका मेगापास्कलच्या आतबाहेर, आणि कोलॅजन ज्याचा फायबर गिगापास्कलच्या घरात जातो, म्हणजे हजारपट ताठ. पण कोलॅजन विश्रांतीत नागमोडी आणि वाट्टेल त्या दिशेला पसरलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला ते ओझं घेतच नाही, नुसतं सरळ होत असतं आणि ओढण्याच्या दिशेला वळत असतं. जसजसे जास्त धागे सरळ होऊन कामाला लागतात तसतसा कर्व्ह उभा होतो. रोच आणि बर्टन यांनी १९५७ मध्ये हे फार सुंदर दाखवलं, माणसाच्या इलियॅक (ओटीपोटातल्या) धमन्या घेतल्या, काहींमधलं कोलॅजन काढून टाकलं आणि काहींमधलं इलॅस्टिन, तर कोलॅजन काढलेली धमनी सुरुवातीच्या मऊ भागासारखी वागत राहिली आणि इलॅस्टिन काढलेली लगेच ताठ झाली. म्हणजे तुम्ही 'त्वचेचा मॉड्युलस' म्हणता तेव्हा प्रश्न असा येतो की किती धागे कामाला लागलेले असताना?

आणि इथेच खरी गोम आहे, शून्य कुठे धरलं. मशीनला फक्त दोनच गोष्टी कळतात, लोड सेलवरचा फोर्स आणि वरची ग्रिप किती सरकली. स्ट्रेन (मूळ लांबीच्या किती टक्के ताणलं) काढायला लागणारी मूळ लांबी मशीनला माहीत नसते, ती तुम्ही सांगता. सिलिकॉनची पट्टी टेबलावर ठेवली की तिची लांबी म्हणजे तिची लांबी. त्वचेची पट्टी टेबलावर ठेवली की ती आक्रसलेली असते, जरा वाकडी असते, बोटाने सरळ केली की दोन मिलीमीटर वाढते आणि फोर्स मात्र काहीच दाखवत नाही.

एक उदाहरण घ्या. पट्टी ५ मिमी रुंद, २ मिमी जाड, म्हणजे क्षेत्रफळ १० चौरस मिमी. ०.०५ न्यूटनचा प्रीलोड (टेस्टच्या आधी पट्टी सरळ करायला दिलेला हलका ताण) लावून लांबी मोजली, ती आली ३१.५ मिमी. त्याच पट्टीला ०.५ न्यूटनचा प्रीलोड दिला असता तर लांबी आली असती ३५ मिमी. आता टेस्ट चालू असताना पट्टी ४२ मिमीवर पोचली, तर पहिल्या हिशोबाने स्ट्रेन ३३ टक्के आणि दुसऱ्या हिशोबाने २० टक्के. पट्टी तीच, फोर्स तोच, तिच्या धाग्यांना काहीच वेगळं झालेलं नाही, आणि तरी '२० टक्के स्ट्रेनला मॉड्युलस' असा रिपोर्ट लिहिलात तर एकात तुम्ही अजून मऊ भागात लोळताय आणि दुसऱ्यात उभ्या भागावर चढलेले आहात. प्रीलोड हाताने, डोळ्याने 'पट्टी सरळ दिसली की झालं' असा लावला असेल तर पट्टीगणिक तो बदलतो आणि तुमचे आकडे का उड्या मारतात ते तिथेच कळतं.

यावर मी दोन गोष्टी करते. एक म्हणजे प्रीलोड फोर्समध्ये न धरता स्ट्रेसमध्ये (फोर्स भागिले क्षेत्रफळ) धरते, समजा ५ किलोपास्कल, आणि प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ मोजून तिचा फोर्स वेगळा काढते, वरच्या पट्टीला तो ०.०५ न्यूटन येतो पण ३ मिमी जाड पट्टीला ०.०७५ येईल. सगळ्यांना सरसकट ०.०५ लावला तर जाड पट्टीचं शून्य वेगळं आणि पातळ पट्टीचं वेगळं होऊन बसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते आणि ती फार लोक करत नाहीत. कर्व्हचा स्लोप स्ट्रेनसमोर न काढता स्ट्रेससमोर काढायचा, म्हणजे आडव्या अक्षावर स्ट्रेस आणि उभ्या अक्षावर त्या क्षणाचा स्लोप. फंग यांनी १९६७ मध्ये सशाच्या मेझेन्टरीवर (आतड्यांना धरून ठेवणारा पातळ पडदा) काम करताना हेच केलं होतं, आणि त्यांना दिसलं की स्लोप स्ट्रेसच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढतो, म्हणजेच मूळ कर्व्ह एक्स्पोनेन्शियल आहे. व्यवहारात याचा फायदा असा की शून्य लांबी चुकली तरी कर्व्ह आडवा सरकत नाही, मूळ लांबी फक्त भागाकारात उरते. वरच्याच उदाहरणात ३१.५ आणि ३५ मुळे स्लोपमध्ये ११ टक्क्यांचा फरक पडेल, बस्स, तोही सगळीकडे सारखा. ५० पट कुठे आणि ११ टक्के कुठे! तुमच्या जुन्या डेटावर आजच हे करून बघता येईल, नवीन टेस्ट करायची गरज नाही, आणि त्यातून जे पसरलेले उरतील ते खरे फरक किंवा खऱ्या चुका. फक्त स्लोप काढण्याआधी डेटा थोडा स्मूथ करा, नाहीतर नॉइजचाच स्लोप निघतो.

लोड सेलबद्दल इथेच सांगून टाकते. मऊ भागात २० किलोपास्कलला फोर्स येतो ०.२ न्यूटन, म्हणजे साधारण २० ग्रॅमचं वजन, आणि तीच पट्टी २ मेगापास्कलला २० न्यूटन मागते. ५०० न्यूटनच्या सेलवर पहिला भाग नुसता नॉइज असतो, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कितीही चांगलं असलं तरी. शून्याजवळचा भाग महत्त्वाचा असेल तर छोटा सेल लावा आणि तुटेपर्यंत ओढायचा मोह सोडा, दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या पट्ट्यांचे सेट करा.

आता ग्रिप. मला विचाराल तर टिश्यूच्या टेस्टमध्ये सगळ्यात जास्त डेटा इथे वाया जातो आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच. ओली कातडी, त्यात खाली चरबीचा थर राहिलेला, ग्रिपमध्ये दाबली की चरबी वितळल्यासारखी बाहेर येते आणि पृष्ठभागाला वंगण मिळतं, मग पट्टी हळूहळू सरकत राहते. हे सरकणं झटक्याने होत नाही, झटक्याने झालं असतं तर कर्व्हमध्ये दाते दिसले असते आणि कोणीही ओळखलं असतं. हळू सरकलं की कर्व्ह छान गुळगुळीत राहतो, नुसता थोडा मऊ आणि शेवटी वाकलेला दिसतो, आणि आपण त्याला टिश्यूचा गुण समजतो. माझा एका बॅचचा जवळजवळ आख्खा आठवडा असा गेला, शेवटचा भाग वाकतोय म्हणजे धागे तुटायला लागलेत असं मी लिहूनही ठेवलं होतं. मग एका पट्टीवर ग्रिपच्या अगदी कडेला शाईने बारीक रेघ मारली, टेस्ट झाल्यावर बघितलं तर रेघ वरून दोन मिलीमीटर बाहेर आलेली आणि खालूनही तेवढीच. ३० मिमीच्या पट्टीवर चार मिलीमीटर म्हणजे १३ टक्के स्ट्रेन जो कधी झालाच नाही. तेव्हापासून ती रेघ मारल्याशिवाय मी एकही पट्टी ओढत नाही, दहा सेकंदांचं काम आहे.

सरकणं थांबवायला: खालची चरबी ब्लेडने पूर्ण काढा, ग्रिपमध्ये जाणारा भाग टिश्यू पेपरने टिपून कोरडा करा (फक्त तोच भाग, मधला ओलाच ठेवा), आणि सँडपेपरचे तुकडे सुपरग्लूने दोन्ही बाजूंना चिकटवून मग ग्रिपमध्ये धरा. ग्लू जपून, तो ओल्या टिश्यूवर पसरतो आणि मधल्या भागात शिरला तर तिथे पट्टी प्लास्टिकसारखी कडक होते. टेन्डनची गोष्ट वेगळी, तो इतका ताठ आणि निसरडा असतो की साध्या ग्रिपमध्ये धरला तर एकतर निसटतो नाहीतर चेंगरून तिथेच तुटतो, म्हणून त्याची टोकं गोठवून धरायच्या ग्रिप वापरतात, १९८२ पासून ही पद्धत चालू आहे आणि अजून तिच्यापेक्षा बरं काही मला मिळालेलं नाही. ग्रिपपाशी तुटलेली पट्टी ताकदीच्या आकड्यात धरू नका, पण तिचा सुरुवातीचा कर्व्ह फेकूनही देऊ नका, तो चांगला असतो.

आणि खरं तर ग्रिपचं अंतर स्ट्रेनसाठी वापरूच नये असं माझं ठाम मत आहे. पट्टीच्या मधल्या भागावर वॉटरप्रूफ शाईचे दोन ठिपके द्या, साधा कॅमेरा स्टँडवर काटकोनात लावा आणि ठिपक्यांमधलं अंतर व्हिडिओतून मोजा. ग्रिपमध्ये काय सरकलं, मशीन स्वतः किती वाकलं, पट्टी डंबेलच्या आकाराची कापली असेल तर तिच्या रुंद टोकांत किती ताण गेला, हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. व्हिडिओ आणि फोर्सची वेळ जुळवायला टेस्ट सुरू व्हायच्या आधी ग्रिपला बोटाने हलकीच टिचकी मारायची, फोर्समध्ये टोक दिसतं आणि व्हिडिओत बोट दिसतं. ओल्या पृष्ठभागावर दिव्याची चमक येऊन ठिपके हरवत असतील तर दिव्यावर आणि लेन्सवर एकमेकांना आडवे पोलरायझर लावा. हातात सॉफ्टवेअर असेल तर आख्ख्या पट्टीवर बारीक ठिपके फवारून डिजिटल इमेज कोरिलेशन करा, मग पट्टीत ताण किती असमान पसरतो ते दिसतं आणि पहिल्यांदा बघताना जरा धक्काच बसतो.

जाडीचं मोजमाप किरकोळ वाटतं पण ते थेट स्ट्रेसमध्ये भागाकारात जातं. व्हर्निअरने धरलं की मऊ टिश्यू दबतं, २ मिमीची पट्टी १.६ दाखवते, आणि तिथेच स्ट्रेस २५ टक्के जास्त झाला, पुढे कितीही काळजी घ्या. दोन काचेच्या स्लाइडमध्ये पट्टी ठेवून वरच्या स्लाइडच्या वजनाखाली जाडी मोजा, निदान सगळ्यांना दाब सारखा मिळतो, किंवा बाजूने फोटो काढून मोजा. एक साधी उलटतपासणी म्हणजे वजन: ४० बाय ५ बाय २ मिमीची पट्टी म्हणजे ०.४ घन सेंटिमीटर, टिश्यूची घनता पाण्यापेक्षा किंचित जास्त, तर वजन साधारण ०.४३ ग्रॅम यायला हवं. ०.३५ आलं तर जाडी नाहीतर रुंदी कुठेतरी फुगवून मोजली गेलीय.

स्ट्रेस आणि स्ट्रेनची व्याख्याही स्पष्ट लिहा, मऊ पदार्थात याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पट्टी दीडपट ताणली तर साधा इंजिनिअरिंग स्ट्रेन ५० टक्के, ट्रू स्ट्रेन ४०.५ टक्के आणि ग्रीन स्ट्रेन ६२.५ टक्के, तिन्ही बरोबर. स्ट्रेसमध्ये मूळ क्षेत्रफळाने भागलं तर एक आकडा, आणि घनफळ बदलत नाही असं धरून त्या क्षणाच्या क्षेत्रफळाने भागलं तर त्याच्या दीडपट. पण हे घनफळ न बदलण्याचं गृहीतक धाग्यांच्या टिश्यूला डोळे मिटून लावू नका, टेन्डन ओढताना तो आडवा इतका आकसतो की पॉइसन रेशो (लांबीत ताणल्यावर रुंदी किती आकसते त्याचं प्रमाण, घनफळ तेच राहिलं तर ०.५) ०.५ च्या बराच वर गेल्याचं मोजलं गेलंय, म्हणजे पाणी बाहेर पिळून जातंय. व्हिडिओ आहेच तर रुंदीही त्यातूनच मोजून घ्या.

आता वेग आणि आधीचा इतिहास. तुम्ही सिलिकॉनसाठी बहुतेक रबराच्या स्टँडर्डची सेटिंग वापरत असाल, एएसटीएम डी४१२ मध्ये ग्रिपचा वेग ५०० मिमी प्रति मिनिट असतो. ३० मिमीच्या पट्टीला तो म्हणजे सेकंदाला २८ टक्के स्ट्रेन, पट्टी दोन-तीन सेकंदांत संपते. टिश्यूला हे फार जोरात झालं, त्यातलं पाणी आणि धागे दोघांनाही जागा घ्यायला वेळ लागतो, म्हणून शांतपणे ताणायचं असेल तर सेकंदाला एक टक्क्याच्या आसपास ठेवतात, म्हणजे तुमच्या पट्टीला १८ मिमी प्रति मिनिट. यात एकच वेग 'बरोबर' असं काही नाही, अपघातातली इजा समजून घ्यायची असेल तर जोरातच ओढायला हवं, पण सगळ्या पट्ट्यांना वेग एकच हवा आणि तोही मिमी प्रति मिनिटमध्ये नाही तर स्ट्रेनमध्ये, कारण लांबी बदलली की मिमीचा अर्थ बदलतो.

इतिहास म्हणजे काय, तर पट्टी पहिल्यांदा ताणली आणि सोडली की ती त्याच वाटेने परत येत नाही, आणि दुसऱ्यांदा ताणली की पहिल्यापेक्षा मऊ लागते. पाच-दहा वेळा तेवढंच ताणून सोडलं की मग कर्व्ह एकावर एक बसायला लागतात. याला प्रीकंडिशनिंग म्हणतात. करावं की नाही यावर लोक वाद घालतात, माझं म्हणणं असं की मटेरियल मॉडेल बसवायचं असेल तर करा, आणि शस्त्रक्रियेतला पहिला टाका ओढताना त्वचा कशी वागते हा प्रश्न असेल तर करू नका, तिथे पहिलाच ताण खरा असतो. एक मात्र नेहमी चुकतं: १० टक्क्यांपर्यंत प्रीकंडिशन करून मग ४० टक्क्यांपर्यंत ओढतात आणि समजतात की सगळा कर्व्ह प्रीकंडिशन्ड आहे. नाही, १० टक्क्यांच्या पुढे पट्टी पुन्हा कोरीच आहे. आणि अर्धा तास तशीच ठेवली तर ती बऱ्याच अंशी पूर्वपदावर येते, म्हणून प्रीकंडिशनिंग आणि टेस्ट यांच्यात चहाला जाऊ नका.

साठवण, पटकन: सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, बंद पिशवीत, उणे २० वर, आणि एकदाच वितळवायचं. वितळवून उरलेलं परत गोठवलं असं करू नका. फॉर्मेलिनमधलं सॅम्पल कधीच नाही, त्यात प्रोटीन एकमेकांना बांधली जातात आणि तुम्ही वेगळाच पदार्थ मोजता. टेस्ट चालू असताना पट्टी सुकता कामा नये, कडा पारदर्शक आणि पिवळसर दिसायला लागल्या की उशीर झालाय. पण उलट तासन्‌तास पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर घातलेलं सलाईन) बुडवून ठेवलं तर काही टिश्यू फुगतात, म्हणून भिजवायची वेळ सगळ्यांना सारखी ठेवा आणि आधी-नंतर वजन करा.

दिशेचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नव्हता, आणि मला वाटतं उरलेल्या फरकातला मोठा वाटा तिथे असेल. लांगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहाच्या त्वचेला गोल टोकाने टोचलं तर भोकं गोल न राहता लांबट चिरा झाल्या, आणि त्या चिरांच्या रेषा अंगभर एका ठरावीक पद्धतीने धावतात. म्हणजे त्वचेत धागे एका दिशेला जास्त झुकलेले असतात आणि ती अंगावर असतानाच ताणलेली असते. एकाच तुकड्यातून एक पट्टी उभी आणि एक आडवी कापली तर ते दोन वेगळे पदार्थ मोजल्यासारखं आहे. कातडी काढायच्या आधीच तिच्यावर ५० मिमीचा चौकोन आखा आणि डोक्याकडच्या बाजूला एक ठिपका द्या. काढल्यावर चौकोन परत मोजा, तो दोन्ही दिशांना वेगवेगळा आकसलेला दिसेल, आणि त्यातूनच कळतं की अंगावर असताना ती कर्व्हच्या कुठल्या भागात राहत होती. हा आकडा मला मॉड्युलसपेक्षा जास्त बोलका वाटतो, आणि तो एकदा कापल्यावर परत मिळत नाही. धमनीतही हेच आहे, कापली की लांबीत आखडते, आणि तिची बारीक रिंग घेऊन एका जागी चिरली तर ती उघडून इंग्रजी सी सारखी होते, म्हणजे काहीही भार नसतानाही तिच्या आत ताण होता.

पट्टी कापताना नवीन ब्लेड, आणि दोन ब्लेड समांतर बसवलेला होल्डर मिळाला तर उत्तम, रुंदी एकसारखी येते. फार अरुंद कापू नका, कडेला कापले गेलेले धागे दोन्ही ग्रिपपर्यंत पोचत नाहीत आणि पट्टी आहे त्यापेक्षा मऊ दिसते. लांबी रुंदीच्या निदान चारपट ठेवा. आणि एका डुकराच्या २० पट्ट्या म्हणजे n (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) बरोबर २० नाही, n बरोबर १ आहे, हे कृपा करून लक्षात ठेवा, मी रिव्ह्यूला आलेल्या कामांत हे अजूनही बघते.

एका दिशेने ओढून किती कळतं यालाही मर्यादा आहे. त्वचा अंगावर दोन्ही दिशांना ताणलेली असते, आणि एका दिशेच्या डेटावर बसवलेलं मॉडेल दोन दिशांना साफ चुकू शकतं. लानिर आणि फंग यांनी १९७४ मध्ये सशाच्या त्वचेवर दोन्ही दिशांनी ओढायची पद्धत मांडली ती याचसाठी. कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये आकडे वापरणार असाल तर तो रस्ता धरावा लागेल, पण आधी एक दिशा नीट जमू द्या.

हायड्रोजेलचं. इथे ग्रिपच्या आधी गुरुत्वाकर्षण आडवं येतं. समजा जेलचा मॉड्युलस १ किलोपास्कल आहे, ३० मिमी लांब पट्टी उभी टांगली, तर वरच्या टोकाला स्वतःच्याच वजनाने साधारण ३०० पास्कल येतात, म्हणजे तिथे ३० टक्के स्ट्रेन आणि सरासरी १५, मशीन सुरू व्हायच्या आत. म्हणून इतकं मऊ जेल पाण्यात ओढा, तरंगण्याने वजन जवळजवळ नाहीसं होतं. पण पाण्यात नवा त्रास: वरच्या ग्रिपचा दांडा वर जाताना पाण्यातून बाहेर येतो आणि त्याचं तरंगणं कमी होतं, ते सेलला ओढल्यासारखंच दिसतं. ६ मिमी व्यासाचा दांडा १० मिमी वर आला तर २.८ मिलीन्यूटन, आणि जेलचा एकूण फोर्सच ५० मिलीन्यूटन असेल तर ते पाच टक्क्यांहून जास्त झालं. सॅम्पल न लावता तीच टेस्ट एकदा चालवा आणि ती फाइल वजा करा, दांडाही बारीक घ्या. जेलला ग्रिपमध्ये दाबू नका, साच्यात ओततानाच टोकांना कापड किंवा स्पंज रुतवून ठेवा आणि ग्रिप त्यालाच लावा. आणि पाण्यात जेल फुगतं, तर फुगायचं थांबल्यावरच मोजा, वजन स्थिर झालं की नाही ते दोन-तीनदा बघून.

तर तुमच्या जागी मी या आठवड्यात असं करेन: जुन्या सगळ्या फाइल्सचे स्लोप स्ट्रेससमोर काढेन आणि उभ्या-आडव्या पट्ट्या आठवत असतील तर दोन रंगांत. मग एकाच दिशेच्या सहा नवीन पट्ट्या, चरबी काढून, सँडपेपर लावून, ५ किलोपास्कल प्रीलोड, सेकंदाला एक टक्का, ग्रिपच्या कडेला रेघ आणि मध्ये दोन ठिपके, आणि दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी एक सिलिकॉनची पट्टी, म्हणजे मशीनबद्दल शंका उरत नाही. या सहांचे कर्व्ह अजूनही पसरलेले आले तर आधी ग्रिपजवळच्या रेघांचे फोटो आणि जाडीचे आकडे टाका, मॉड्युलस नंतर बघू.